ओढ्यावरची हवा

भिंगारच्या बाजारातून हवालदार पगारे चालले की टपरीवाला गोरक्ष नव्या गिऱ्हाइकाला हटकून सांगायचा, "त्ये बघा. त्यांना वारा दिसतो."

गिऱ्हाईक हसायचे.

"हसता काय? रविवारी रायफल क्लबात जाऊन बघा. वारा लपून बसला तरी हवालदार हुडकून काढत्यात."

भीमराज पगारे यांच्या कानावर हे पडायचे. ते मिशीतल्या मिशीत हसत पुढे जायचे. उंच, सडसडीत माणूस. पलटण सोडून बरीच वर्षे झाली होती, तरी पाऊल अजून कुणाच्या तरी हुकुमावर पडल्यासारखे पडायचे.

वारा दिसणे ही काही दैवी देणगी नव्हती. देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात, दुसऱ्याच्या ज्वारीची राखण करण्यात त्यांचे लहानपण गेले होते. माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायची आणि पाखरे उडवायची. वारा आडवा असला की दगड वाहवत जातो, पाखरावर नेम धरला तर तो शेजारच्या धाटांत पडतो, हे त्यांना पाटी-पेन्सिल हातात येण्याआधीच कळले होते. छप्पन्न साली घरात दीक्षा झाली. आईने देव्हाऱ्यातले टाक प्रवरेत सोडले. पुढे दोन-तीन वर्षांत घरातले थोरले भीमराज फौजेत गेले.

तिथे साताऱ्याकडच्या एका उस्तादाने त्यांना टेहळणीच्या दुर्बिणीमागे बसवले. भर उन्हाची वेळ होती. "निशाणाकडं बघू नको, त्याच्या अलीकडं बघ. काय दिसतंय?"

तापलेल्या जमिनीवर हवा पाण्यासारखी लहरत होती.

"ते पाणी कुठल्या बाजूला वाहतंय ते बघ. तिकडं वारा चाललाय. हळू वाहतंय, तर वारा हलका. आडवं पळतंय, तर जोराचा. आणि उकळल्यासारखं सरळ वर जातंय, तर वारा मेला. तेव्हा झाड गोळी."

उस्ताद त्याला इंग्रजी नावाने ओळखायचे. भीमराजांनी त्याला मृगजळ म्हटले, आणि पुढची सगळी नोकरी ते वाचण्यात घालवली. आधी स्वतःसाठी, मग रंगरूटांना शिकवण्यासाठी. पेन्शनीवर आल्यावर नगरच्या एका रायफल क्लबाने त्यांना शिकवायला बोलावले. भिंगारमध्ये दोन खोल्या बांधून ते तिथेच राहिले.

क्लबाचे मैदान गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होते. पाचशे मीटरवर निशाण, आणि मधून आडवा गेलेला एक कोरडा ओढा. सगळी गोम त्या ओढ्यात होती. नेमबाजाच्या गालाला वारा डावीकडून हळुवार लागावा, आणि ओढ्याच्या घळीत शिरून तोच वारा दुपटीने पळावा, नाहीतर उलटा फिरावा. तिथे झाड नव्हते, झेंडाही नव्हता. ओढ्यावरची हवा सांगायचे ते एकटे मृगजळ. बाहेरगावचे भले भले नेमबाज तिथे येऊन फसत. क्लबाची माणसे फसत नसत, कारण दुर्बिणीमागे बसलेले हवालदार म्हणत, "डावीकडून, सहा," आणि नेमबाज रायफलीवरच्या दुर्बिणीची बाजूची चकती सहा क्लिक फिरवून घोडा दाबायचा.

चकती फिरवली की टक् टक् आवाज होतो. एकेक टक् म्हणजे एकेक क्लिक. एका क्लिकने पाचशे मीटरवर गोळी दोन बोटे सरकते. बघायला गेले तर सारी विद्या एवढीच.

जयमाला, त्यांची एकुलती एक मुलगी, ह्या आवाजावरच वाढली म्हणायला हरकत नाही. क्लबाच्या अडगळीतली काच फुटलेली एक दुर्बीण तिला खेळायला मिळाली होती. संध्याकाळी ती आण्णांच्या पाठीशी बसायची आणि चकती फिरवायची.

"आण्णा, किती?"

"सात."

"चोरून बघितलं तुम्ही!"

"माज्या पाठीला काय डोळं हायेत का? कानानं मोजलं." मग ते तिला पुढे ओढून घेत. "सगळा भार डोळ्यावर टाकू नये, बाळे. अंधार पडला की डोळा आपला न्हाई."

चुलीपुढून तिची आई सुमनबाई म्हणायच्या, "लोकांच्या पोरी भातुकली खेळत्यात. आमच्या घरात ही तऱ्हा."

ही पोर मोठी झाली, आणि विशीत पोहोचेपर्यंत क्लबातली सर्वांत स्थिर हाताची नेमबाज झाली. दरवर्षी फेब्रुवारीत क्लबाच्या मैदानावर जोड्यांचे सामने व्हायचे. एकाने गोळी झाडायची, दुसऱ्याने दुर्बिणीतून वारा सांगायचा. पुण्या-नाशिकचे क्लब यायचे. पगारे बापलेकीची जोडी दोन वर्षे दुसरी आली होती. "औंदा पैली," असे भीमराज वर्षभर म्हणत होते.

ते वर्ष शहाण्णवचे.

पण त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात एका रविवारी ते दुर्बिणीला डोळा लावून बसले, आणि त्यांना मृगजळ दिसले नाही. त्यांनी काच पुसली. डोळा बदलला. निशाणाचा काळा ठिपका धुरकट दिसत होता, डोंगर दिसत होता. अलीकडे मात्र नुसते पांढरे ऊन.

ढग असतील, असे त्यांनी स्वतःला सांगितले. आकाश निरभ्र होते.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ डोळ्यात उजेड टाकून पाहिले. "हवालदार, मधुमेह किती वर्षांचा?"

"असंल धा-बारा वर्सांचा. गोळी घेतो की."

"घेता, आणि वर पेढेही खाता, असं दिसतंय." मग डॉक्टरांचा आवाज उतरला. "पडद्यावर रक्त झिरपतंय. उजवा पुष्कळ गेलाय. डावा वाचेल, पण पुण्याला जाऊन लेसरचे किरण घ्यायला हवेत, आणि तेही लगेच. आणि हे दुर्बिणीचं काम आता बंद. तुम्हाला झेपणारं राहिलेलं नाही."

डॉक्टरांनी पुण्याच्या डॉक्टरांचे नाव सांगितले. भीमराजांनी ते नाव दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच विसरून टाकायचे ठरवले. पुण्याला गेले की घरात कळणार, घरात कळले की क्लबात कळणार, आणि दुर्बिणीमागची जागा जाणार. नुसती जागा गेली असती तर एक वेळ चालले असते. पण त्या जागेवर दुसरा कोणी बसून जयूला वारा सांगणार, हे त्यांच्या मनाला सोसेना. फेब्रुवारीचा सामना एकदा होऊन जाऊ दे. मग पुणे. घरी येऊन त्यांनी सुमनबाईंना सांगितले, "चष्म्याचा नंबर वाढलाय."

"मग घ्या की नवा."

"घिऊ."

आणि ते अंदाजाने वारा सांगू लागले. गालाला काय लागते, सुक्या गवताची सळसळ कुठून येते, त्यावरून. इतक्या वर्षांची सवय होती. बऱ्याचदा जमूनही जायचे. ओढ्यावरची हवा शहाण्यासारखी वागली तर जमायचे.

जयमाला तेव्हा सावेडीच्या एका कॉम्प्युटर संस्थेत पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होती. प्रत्येकाला एक प्रकल्प करायचा होता. कुणी पगारपत्रकाचा केला, कुणी वाचनालयाचा. जयमालाने ठरवले, आपण गोळीचा करायचा.

"म्हंजी?" भीमराजांनी विचारले.

"म्हणजे गोळी किती वेगानं निघाली, किती वजनाची, हवा किती तापलेली, वारा कुठून आणि किती, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं. तो गोळीला टप्प्याटप्प्यानं पुढं नेतो आणि सांगतो, वरची चकती इतके क्लिक, बाजूची इतके."

"आन् मग मी काय करू? बोरं येचू?"

"अहो आण्णा, वारा कोण सांगणार त्याला? त्याला खिडकीबाहेरचं काही दिसत नाही."

सुमनबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ऐका! म्हणजे तो बी डोळ्यानं अधूच हाय की."

भीमराज सगळ्यांबरोबर हसले. भाकरी मात्र त्यांनी अर्धीच ठेवली.

ती हौसेने त्यांना संस्थेत घेऊन गेली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे होती. ती त्यांना वाचता येत नव्हती, थोडे इंग्रजीमुळे आणि थोडे अंधुक दिसण्यामुळे. पण ती सांगत होती आणि ते ऐकत होते. काडतुसाच्या खोक्यावरचा तक्ता समुद्रकाठच्या हवेचा असतो, नगर उंचावर, इथली हवा विरळ, म्हणून इथे गोळी जाता जाता थोडी कमी खाली येते, हे तिने हिशेबात घेतले होते. भीमराजांना हे वर्षानुवर्षे नुसते ठाऊक होते; का ते ठाऊक नव्हते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माजी बाय ती," म्हणाले. त्या क्षणी त्यांना खरे सांगून टाकावेसे वाटले. शेजारच्या कॉम्प्युटरवरची मुले बघत होती. राहिले.

मग रविवारच्या चाचण्या सुरू झाल्या. भीमराज दुर्बिणीतून वारा कुठून आणि किती वेगाचा ते सांगत, जयमाला तो कागदावरच्या छापील तक्त्यात बघून क्लिक लावी आणि गोळी झाडी. निशाणामागच्या खंदकात बन्सी बसायचा. गोळी कुठे लागली ते तो टेलिफोनवर कळवायचा.

उंचीचे क्लिक तंतोतंत जुळले. बाजूचे जुळेनात.

"बन्सी, जय भीम. कुठं लागली?" भीमराज विचारत.

"जय भीम. उजवीकडं, वीतभर. हवालदार, पोरीच्या मशिनीला इचारा, डावं-उजवं कळतं का तिला? आमच्या बैलाला बी कळतं."

दुसऱ्या रविवारी डावीकडे. तिसऱ्या रविवारी पुन्हा उजवीकडे, आणि त्यातच मध्ये एक बरोबर निशाणात. जयमाला गोंधळून गेली. चूक एकाच बाजूची असती तर तिला कारण सापडले असते. ही चूक भटकी होती. ती घरी येऊन कागद पसरायची, वाऱ्याचे सूत्र पुन्हा मांडायची, कुठला तरी आकडा वाढवायची, कुठला तरी कमी करायची. एकदा तिने चुकीला जुळवण्यासाठी सूत्रात एक जादा दुरुस्ती घुसडली. पुढच्या रविवारी त्याने आणखीच बिघडले.

क्लबाचे सचिव राधाकृष्ण सर, निवृत्त प्राध्यापक, एकदा म्हणाले, "पगारे, वाऱ्याच्या नोंदीत काही घोळ नसेल ना?"

जयमाला फटकन म्हणाली, "सर, आण्णांचा वारा चुकत नाही. माझंच कुठंतरी चुकतंय."

भीमराज दुर्बिणीच्या तिवईचा स्क्रू आवळत बसले. तो आधीच आवळलेला होता.

जानेवारीत तिचे जेवण कमी झाले. डोळ्यांखाली काळे आले. एका संध्याकाळी तिने कागद गोळा करून बाजूला सारले आणि म्हणाली, "मी पगारपत्रकाचाच प्रकल्प करते. हे माझ्या कुवतीच्या बाहेरचं आहे. उगाच मोठा घास घेतला."

"असं कसं, बाळे? हुईल की."

"नाही आण्णा. एवढं साधं गणित, आणि मला जमत नाही. तुम्ही एवढं अचूक सांगता, तरी जमत नाही."

भीमराज उठून अंगणात गेले. सुमनबाई मागोमाग आल्या. "अहो, पोर खचली. तुमी काय तरी सांगा तिला. तुमचं ऐकती."

"काय सांगू?" ते म्हणाले. सुमनबाईंना त्या आवाजाचा अर्थ लागला नाही. पोरीची काळजी असेल, एवढेच त्यांना वाटले.

आता सांगतो, पुढच्या रविवारी सांगतो, असे करता करता रविवार आला, आणि भीमराज तापाने फणफणले. अंगावर घोंगडी घेऊन पडले होते. जयमाला एकटीच मैदानावर गेली. दुर्बिणीमागे राधाकृष्ण सर बसले.

ती दुपारी परतली. पायरीवर बूट काढत बराच वेळ बसली.

"जमलं का गं?" आतून भीमराजांनी विचारले.

"हो," ती म्हणाली. "थोडं जमलं."

"सरांना वारा कळतो का?"

"त्यांचं ठीक आहे."

ती आत आली. त्यांच्या कपाळावरची पट्टी बदलली. नेहमीपेक्षा सावकाश, जरा जास्तच जपून. मग मोरीत गेली. सुमनबाई नंतर म्हणाल्या, "पोर तोंड धूत हुती, पर लई येळ." भीमराजांनी ते तापाच्या ग्लानीत ऐकले आणि तापाबरोबरच सोडून दिले. जयमालाने प्रकल्प टाकून दिला नाही, एवढेच त्यांना दिसले. सूत्रात घुसडलेली दुरुस्ती तिने काढून टाकली, हे त्यांना दिसायचे काही कारण नव्हते.

सामन्याच्या दिवशी सकाळी राधाकृष्ण सर त्यांच्याजवळ आले. "पगारे, तब्येत अजून कच्ची दिसते. वाटलं तर आज दुर्बिणीमागे मी बसतो."

भीमराज बोलायच्या आत जयमाला म्हणाली, "नाही सर. आण्णाच बसतील."

पुण्याची जोडी आधी झाली. ओढ्याने त्यांची एकच गोळी खाल्ली, तीही आतल्या वर्तुळातच लागली. नाशिकच्या तीन खाल्ल्या. मग पगारे बापलेक पुढे आले. ऊन चढले होते. उस्तादाने आवडीने निवडली असती अशी वेळ. जयमाला सतरंजीवर पालथी झाली, रायफलीचा दस्ता खांद्याला लावला. भीमराज तिच्या डाव्या हाताला, जरा मागे बसले आणि त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. पांढरे ऊन. दुसरे काही नाही. वारा गालाला डावीकडून लागत होता, हलका.

"डावीकडून, सहा," ते म्हणाले. सामन्यात नेहमीसारखे क्लिकच सांगायचे.

जयमालाचा हात चकतीवर गेला. टक्, टक्, टक्. भीमराज मोजत नव्हते. कान आपोआप मोजत होता, वर्षानुवर्षे संध्याकाळी मोजत आला तसा. सहा झाले. हात थांबला नाही. सात. आठ. नऊ.

बार झाला. टेलिफोनमधून बन्सीचा आवाज आला, राधाकृष्ण सरांनी मोठ्याने सांगितला, "बुल!" गोळी निशाणाच्या मधोमध लागली होती. मागच्या खुर्च्यांतून टाळ्या पडल्या.

चुकून जास्त फिरली असेल, असे भीमराजांनी मनाला सांगितले. पण जयूचा हात चुकत नसे.

"डावीकडूनच. पाच."

टक्, टक्. तिने उलट फिरवून चकती शून्यावर आणली, मग नव्याने लावली. त्यांनी मोजले. आठ.

"बुल!"

तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दामच सांगितले, "चार." कान टवकारून बसले. सात.

"बुल!"

मग त्यांना कळले. ती त्यांचे ऐकत नव्हती. ती रायफलीवरच्या दुर्बिणीतूनच नजर जराशी अलीकडे घेऊन मृगजळ वाचत होती, त्यांनीच शिकवले होते तसे, आणि आपल्या तक्त्यातले क्लिक लावत होती. आणि प्रत्येक वेळी, लावायच्या आधी, त्यांच्या तोंडून आकडा यायची वाट बघत होती. लोकांना दिसावे म्हणून. हवालदारांनी सांगितले आणि पोरीने लावले, असे सगळ्यांना दिसावे म्हणून.

पुढच्या गोळ्यांना ते आकडे सांगत राहिले. काय सांगितले ते त्यांना नंतर आठवले नाही. आवाज मात्र खणखणीत ठेवला, कारण मागे माणसे होती. प्रत्येक गोळीला बुल लागत गेला. मागे कोणी तरी म्हणाले, "म्हातारा वारा खिशात घालून हिंडतो राव!" राधाकृष्ण सर खाली बघत होते, असे भीमराजांना वाटले; नक्की दिसले नाही.

दहावी गोळी राहिली. ही बुल झाली की पहिला नंबर. जयमाला थांबली. आकड्याची वाट बघत होती.

भीमराजांनी दुर्बिणीवरून डोळा उचलला. पुढे वाकले आणि तिच्या कानाशी, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असे म्हणाले, "तुला दिसतंय ते लाव, बाळे. मला काय बी दिसत न्हाई."

तिचा हात चकतीवर तसाच राहिला. खूप वेळ. मग क्लिक वाजले. त्यांनी ह्या खेपेला कान मोजू दिला नाही.

बार झाला. बन्सीने कळवायला वेळ लावला. राधाकृष्ण सरांनी हळू आवाजात सांगितले, "बाहेरचं वर्तुळ. उजवीकडे."

मृगजळ वाचायला कोरडा डोळा लागतो.

पुन्हा दुसरा नंबर आला. लोक येऊन हळहळले, पाठीवर थाप मारून गेले. बन्सी खंदकातून वर आला आणि म्हणाला, "हवालदार, शेवटाला काय झालं? दोरी तुटावी तशी गेली गोळी."

"वारा फिरला," जयमाला म्हणाली.

घरी जाताना ती लूना चालवत नव्हती, हातात धरून चालली होती. भीमराज बाजूने चालत होते. रस्त्याला फारसे कुणी नव्हते.

"कदी कळलं तुला?"

"तुम्ही तापानं पडलात त्या रविवारी. सरांनी वारा सांगितला, मी दुरुस्तीआधीचा तक्ता लावला आणि सगळे क्लिक जुळले. सरांना तुमच्या निम्मंही येत नाही, आण्णा. तरी जुळले."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

थोडे पुढे गेल्यावर भीमराज म्हणाले, "तुजं गणित बरूबर हुतं. पैल्यापासून." हे वाक्य म्हणायला त्यांना सहा महिने लागले होते.

लूनाच्या चाकात खडा अडकून टकटक वाजत होता. तो काढायला दोघांपैकी कुणी थांबले नाही.

पुण्याच्या डॉक्टरांकडे ती दुसऱ्याच आठवड्यात त्यांना घेऊन गेली. डॉक्टरांनी डावा डोळा तपासला आणि विचारले, "नगरला कुणी सांगितलं नव्हतं?" भीमराज म्हणाले, "सांगितलं हुतं." जयमालाने त्यांच्याकडे पाहिले. हे तिला ठाऊक नव्हते. किरण दिले, दोनदा दिले. पावसाळ्यात यायला हवे होते, एवढेच डॉक्टर म्हणाले. शहाण्णव सरता सरता उजेड आणि अंधार एवढाच फरक उरला.

सुमनबाई पुष्कळ दिवस बोलल्या नाहीत. मग एक दिवस भाकरी मोडून त्यांच्या हातात देताना म्हणाल्या, "मला तरी सांगायचं. मी काय क्लबात जाऊन सांगणार हुते?"

"तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं," ते म्हणाले.

जयमालाचा प्रकल्प पास झाला. गुण चांगले पडले. तिला पुण्याला नोकरी लागली. तिथे पगारपत्रकेच करायची होती. रायफल तिने क्लबात जमा केली. राधाकृष्ण सरांनी दोनदा निरोप पाठवला, पण ती पुन्हा मैदानावर गेली नाही. भीमराजांनी विचारले तेव्हा म्हणाली, "वेळ कुठं असतो, आण्णा."

त्यांच्या घराच्या अंगणातून क्लबाचे मैदान दिसत नाही, पण बार ऐकू येतात. रविवारी सकाळी ते खुर्ची बाहेर टाकून, डोंगराकडे तोंड करून बसत. गोरक्ष चहा घेऊन यायचा आणि गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचा. 'त्यांना वारा दिसतो' हे मात्र त्याने म्हणायचे सोडले होते. त्यांच्या उजव्या हाताला सुमनबाई दोरीवर धुणे वाळत घालत.

एका रविवारी एक बार झाला, आणि त्याचा दणका डोंगरावरून परत आला. भीमराज म्हणाले, "डावीकडून हाय आज वारा. व्हय ना गं?"

सुमनबाईंनी मान वर करून पाहिले. दोरीवरचे लुगडे उजवीकडून फडफडत होते, आणि त्याचा पदर भीमराजांच्या खुर्चीकडे येत होता.

"व्हय," त्या म्हणाल्या. "डावीकडूनच हाय."

पदराचे ओले टोक येऊन त्यांच्या उजव्या हाताला लागले, आणि परत गेले. पुन्हा आले. भीमराजांनी हात हलवला नाही.

"मला वाटलंच," ते म्हणाले, आणि पुढचा बार ऐकायला बसून राहिले.